सुपारीएवढा काळा खडा

१२ एप्रिल १९८६, एरंडोल

आज भलतंच झालं! गिरणेच्या पात्रात कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागासाठी खडे वेचत होतो, तर काठावर प्रेतयात्रा आली. गुपचूप सटकावं म्हटलं, तेवढ्यात एक म्हातारे ओरडले, "भाऊ, लाकडं उचलू लागा ना!" कोण, कुठला, काही विचारणं नाही. लावलं कामाला!

म्हातारे म्हणजे हिलाल नाना. गेलेले आधार आबा त्यांचे मेहुणे. सरण रचताना नानांचं बोलणं चालूच — "जळगावना पुढे कधी गयात नही. नाशिकनी गंगा देखनी व्हती त्यासले." मी नाशिकचा म्हटल्यावर माझा हात घट्ट धरला.

आबांचा मुलगा तोताराम खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरला. दर फेरीला नाना खड्यानं मडक्याला भोक पाडत. मडकं फुटलं आणि तोताराम मटकन खाली बसला. नानांनी खडा माझ्या हातात कोंबला — "धरा जरासा" — आणि त्याला सावरायला धावले.

माझे वडील, अप्पा, गेले तेव्हा मी स्मशानात लांब झाडाखाली उभा होतो. आज शेवटपर्यंत थांबलो. रडलोसुद्धा, परक्या माणसासाठी! निघताना तोतारामनं पत्ता लिहून घेतला.

१४ एप्रिल, नाशिक

खडे घासून धुतले. पिशवीचं अस्तर फाटलंय, शिवायला हवं.

१८ एप्रिल

तोतारामचं कार्ड. "आबांचा जीवखडा आपल्याकडे राहिला. काळा, सुपारीएवढा. दहा दिवस जीव त्यात असतो, रोज पाणी घालतात. दहावा सोमवारी. खड्याशिवाय विधी व्हायचा नाही. राग नाही."

राग नाही म्हणे! मीच मला दोन थोबाडीत माराव्यात. हातात दगड आला की पिशवीत टाकायचा, ही माझी मेली खोड! आणि सुपारीएवढे काळे तीन निघाले. तिन्ही चकाचक. यातला आबांचा कुठला?

२१ एप्रिल, आबांचं गाव

काल धुळ्याला गाडी बदलून आलो. आज सकाळी ओट्यावर तिन्ही खडे मांडले आणि मान खाली घालून उभा राहिलो. नाना वाकून बघत राहिले. "हाई तं..." एवढंच बोलले, तर आबांच्या बायकोनं, पार्वताअक्कानं, दटावलं, "नाना, उगा ऱ्हा!" मधला खडा उचलून कपाळाला लावला. "हाऊच शे."

सुटलो! काय नजर बाईची!

नदीवर सगळं रीतसर झालं. खडा पाण्यात सोडताना तोताराम माझ्या गळ्यात पडला. अक्कानं जेवल्याशिवाय हलू दिलं नाही, वर पिशवीत बिबडे, ते ज्वारीचे पापड, कोंबले. एकच सांगणं, तेही दोनदा — "घर जाईसन पिशवी नीट झटकी ल्या." मुंग्या होतील म्हणून असेल. गोड बाई.

२३ एप्रिल, नाशिक

पिशवी झटकली. अस्तरातून खडा पडला — काळा, सुपारीएवढा, न धुतलेला. मडक्याची लाल माती तशीच चिकटलेली.

अक्काला ठाऊक होतं! नानांनाही!

तसाच गोदावरीवर गेलो. ओंजळीत धरून दोन्ही काठ दाखवले. "आबा, ही बघा गंगा," म्हटलं. मग सोडला.