ऑलिंथसची वाटणी

मी, उल्का रविकांत मिराशी, वय एकोणऐंशी, राहणार एडमंटन, डोके ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाविना ही व्यवस्था लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. बेसमेंट आहे तसेच ठेवावे आणि घर कधीही विकू नये, ही अट त्यात मी हट्टाने घातली होती.

माझे पती रविकांत इथल्या महापालिकेत सांडपाण्याचे इंजिनियर होते. निवृत्तीनंतर अकरा वर्षे खपून त्यांनी बेसमेंटमध्ये ऑलिंथस या प्राचीन ग्रीक शहराची लाकडी प्रतिकृती केली. सरळ रस्ते, एकेका ठोकळ्यात दहा घरे, मधून पाणी जायला बोळ, आणि हिवाळ्यातले ऊन मिळावे म्हणून दक्षिणेला अंगणे. ते गेल्यावर उत्खननाची पुस्तके मी वाचू लागले. संध्याकाळ तरी जायची.

प्रतिकृती दारातून निघेना. घर विकून टोरोंटोला चल म्हणत मुलगा उन्मेष करवत घेऊनच आला. "आई, इट वोन्ट फिट. कापावं लागेल." मी त्याला जेवू घातले आणि परत पाठवले. पुढे दोन वर्षे आम्ही फोनवर फक्त हवामान बोललो.

यंदा मार्चमध्ये टूथब्रशने बोळ झाडताना एक ठोकळा हलला. टेबलाखाली वाकले, तर प्रत्येक ठोकळ्याला चार नटबोल्ट आणि त्यांच्या अक्षरात नंबर. शहर रस्त्यारस्त्यांवर सुटे होत होते. जे उघडून दुरुस्त करता येत नाही ते बांधू नये, हे त्यांच्या तोंडून चाळीस वर्षे ऐकूनही मला सुचले नव्हते. तिथेच बसून रडले, मग उन्मेषला फोन लावला. तो म्हणाला, "पाना बाबांच्या ड्रॉवरमध्ये असेल. मी येतो, मिळून सोडवू."

१. घर विकावे. मी असतानाच विकले तर उत्तम.

२. शिल्लक रक्कम उन्मेष आणि सून कस्तुरी यांना समान.

३. नात केया हिने आवडतील ते तीन ठोकळे घ्यावेत. पतीचे मित्र दिलीप या कामाला खेळणे म्हणाले होते, त्यांना सर्वांत अरुंद बोळाचा ठोकळा द्यावा. तो त्यांनी दर रविवारी झाडावा. उरलेले लायब्ररीला.

४. ठोकळा सतरा. त्यातल्या एका घराला त्यांनी आमच्या घरासारखे निळे दार केले आहे. तो माझ्यामागे उन्मेषकडे. अंगण दक्षिणेकडेच ठेवावे.

५. उन्मेषची करवत गॅरेजात आहे. न्यावी. माझा राग गेला.

साक्षीदार: नंदन कारखानीस, उमा कारखानीस, शेजारी. साक्षीदारांना यातून काही देता येत नाही, म्हणून बर्फाचे फावडे त्यांना आजच देऊन टाकले. टोरोंटोला उन्मेषकडे मला ते लागणार नाही.

सही: उल्का रविकांत मिराशी
एडमंटन, ९ जून २०२५