न आटणारी विहीर

डोंबिवली, सोमवार, २० एप्रिल १९९८

अजितला चाळिशी आली आणि हा घोडा रोज ऑफिसातून आला की कॉम्प्युटरवर गाव वसवतो! झोपड्या, शेतं, मधोमध विहीर, आणि वर अंगाईसारखं संगीत. विहीर म्हणे कधी आटतच नाही. हा खेळ करणाऱ्याला एक उन्हाळा आमच्याकडे ठेवून घ्यायला हवा. नळ येतो तोच संध्याकाळी, जेमतेम अर्धा तास.

"आई, आता रिटायर झालीस, खेळून तर बघ. डोकं शांत होतं."

बसले. सगळी माणसं विहिरीवर पाठवली आणि हौद भरायला लावले. पाणी आहे तोवर भरून ठेवावं, एवढं कळतं मला. शेतात कोणी उरलं नाही, कोठार रिकामं झालं, आणि माणसं एकेक करून गाव सोडून गेली. शेवटी उरली लाल झग्यातली एक बुटकी बाई. तीही, बादली टाकून.

अजित खो खो हसला. "अगं, विहीर आटत नाही तर साठवतेस कशाला? पाणी पिऊन जगतील का ती?"

"मूर्ख माणसांनी मूर्खांसाठी केलेला खेळ आहे," मी म्हटलं. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टरनी तो खिडकीबाहेर भिरकावला असता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूनबाई, "आई, नळ गेला! पिंप भरलंत ना?"

पिंप भरायचं काम माझ्याकडे असतं. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

 

आता उद्या संध्याकाळपर्यंत घरात दोन कळशा पाणी. आणि तिकडे त्या ओसाड गावात माझे सगळे हौद काठोकाठ भरलेत.