एक पांढरी गोटी कमी

३ सप्टेंबर २०१९
अँतियोको आला होता. सोबत कागदांची तीन खोकी. म्हणाला, नोव्हेंबरात प्रांतिक परिषदेच्या इमारतीतल्या एका खोलीला यांचं नाव द्यायचं ठरलंय, त्या दिवशी पक्षगटाच्या इतिहासाची पुस्तिका हवी. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. "वहिनी, लिहायचं कुठं? गटाचा कागद न् कागद तुम्हीच टंकलाय. आता एकदाच सलग टंका." हसू आलं. हे गेल्यापासून पहिल्यांदाच बहुतेक.

५ सप्टेंबर
सुरुवात केली.
१९८४. डोंगरपक्षाचे तीन जण प्रांतिक परिषदेवर निवडून आले – हे, अँतियोको आणि गोनारियो. तीन म्हणजे गट. दोन असते तर कुणी विचारलं नसतं! गट म्हणून राजधानीत, काल्यारीला, एक खोली मिळाली, एक टेलिफोन आणि एक टंकलेखिका. ती मी. खिडकीतून बंदर दिसायचं. गोनारियो गावाहून मेंढीचं चीज आणायचा, खिडकीत ठेवायचा. मोठ्या पक्षांची माणसं वासावर यायची आणि निम्मी कामं तिथंच उरकायची. हे इतिहासात घालावं का? घातलं.

९ सप्टेंबर
अकरा पानं. शाळांच्या बसगाड्या, लोकरीचा भाव, वणव्यांचा कायदा. तिघांच्या गटाने बरंच केलं की. सकाळी टंकते, दुपारी झोपते. मुंदिका शेजारून अजून जेवण पाठवते. सहा महिने झाले, आता पुरे म्हटलं तर म्हणते, "माझं काय जातं? तुझ्या निमित्ताने मीही नीट जेवते."

१४ सप्टेंबर
द्राक्षं तोडली. दरीतला माझ्या बाबांचा मळा. या वर्षी घोस लहान, पण गोडी चांगली. सुतकाच्या काळ्या कपड्यांत उन्हाचा त्रास झाला, तरी मन हलकं होतं. यांची जुनी टोपी घातली होती.

१६ सप्टेंबर
आज धरणाचं पान. नको वाटत होतं, पण त्याशिवाय इतिहास पुढे सरकत नाही.
१९८७. धरण झालं असतं तर आमची दरी पाण्याखाली गेली असती, बाबांचा मळाही. पण गटाने मोठ्या पक्षांना शब्द दिला होता – तीन मतं धरणाला, बदल्यात डोंगरातल्या गावांना दवाखाना. गटाच्या बैठकीत एकटा गोनारियो विरोधात बोलला. मी घरी यांना एवढंच म्हटलं होतं की बाबांना हे सोसणार नाही. हे म्हणाले, "गटाचा शब्द आहे, बोनारिया." पुन्हा विषय नाही.
मतदान गुप्त. प्रत्येकाच्या हातात दोन लाकडी गोट्या, पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. मत पहिल्या पेटीत टाकायचं, उरलेली गोटी दुसरीत. मी वर सज्जात बसले होते. ठराव पडला. गोट्या मोजल्या तर दुसऱ्या पेटीत एक पांढरी कमी! म्हणजे कुणीतरी काळी टाकून पांढरी खिशात घालून गेला होता. शिपाई म्हणाला, गोनारियो दुसऱ्या पेटीपाशी थांबला नाही बहुतेक, बस गाठायला पळाला.
अँतियोकोने टेबलावर मुठी आपटल्या. हे खिडकीपाशी गेले. गोनारियोने नाकारलं नाही. म्हणाला, "काढायचं तर काढा." त्याला काढल्याचं पत्र यांनी सांगितलं, मी टंकलं. मग उरले दोन. महिन्याभरात खोली गेली, टेलिफोन गेला. गट संपला. दवाखानाही झाला नाही.
पान एक्केचाळीस. गोनारियोचं नाव घातलं.

१७ सप्टेंबर
एक राहिलं. त्यानंतर दर नाताळला हे गोनारियोला चीजचा एक गोळा पाठवायचे. माझ्या हातून, स्वतः कधी गेले नाहीत. मला वाटायचं, केवढं मोठं मन!

२१ सप्टेंबर
मळ्यातल्या खोपटात यांचा छाटणीच्या कात्र्या ठेवायचा डबा. तळाशी चिंधीत गुंडाळलेली लाकडी गोटी. पांढरी, आता पिवळट.
मी ओळखली.

२२ सप्टेंबर
काही लिहीत नाही.

३० सप्टेंबर
द्राक्षांचा नवा रस पिंपात फसफसतोय. वास घरभर.
मार्चमध्ये यांना छातीत दुखलं तेव्हा मोठं इस्पितळ दोन तासांवर. वाटेतच गेले. दवाखाना झाला असता तर – हे वाक्य रोज मनात येतं. आणि रोज त्याच मळ्याची वाइन पेलाभर घेते. चांगली असते. बाबा त्या मळ्यात आणखी नऊ वर्षं राबले, आणि हसतच गेले.
यांच्यावर रागवावं तर राग येत नाही. गोनारियोची मात्र लाज वाटते. पत्र मी टंकलं होतं.

१२ ऑक्टोबर
अँतियोकोचा फोन. छापखाना थांबलाय, एक्केचाळिसावं पान तेवढं कुठंय? मी म्हटलं, टंकयंत्राची फीत संपली. खोटं बोलले. पान जुनं गेलं तर गोनारियो छापील गद्दार. नवं गेलं तर त्या खोलीवर यांचं नाव लागणार नाही. ती पाटी लावायच्या दिवसासाठी मी कोट शिवायला टाकलाय.

२ नोव्हेंबर
काल रात्री रिवाजाप्रमाणे मृतांसाठी ताट वाढून ठेवलं, शेवया, ब्रेड, वाइनचा पेला. ताटाशेजारी ती गोटी ठेवली. सकाळी सगळं जागच्या जागी. नेहमी असतंच.
पान पुन्हा टंकलं. गोनारियोच्या जागी यांचं नाव.
दुपारी गोनारियोकडे गेले. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा, पण मेंढ्यांच्या धारा अजून स्वतः काढतो. बसायला स्टूल दिलं, चष्मा शोधायला वेळ लावला. पान दोनदा वाचलं. मी गोटी टेबलावर ठेवली. त्याने ती हातात घेऊन तोलली आणि परत ठेवली. मी माफी मागितली, पत्राची. तो म्हणाला, "तू फक्त टंकलंस. तेही बिनचूक." मग म्हणाला, पान सोमवारपर्यंत राहू दे माझ्याकडे.
घरी आल्यावर जेवले. भूक होती.

४ नोव्हेंबर
गोनारियो आला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा या घरात. हातात चीजचा गोळा आणि पान. म्हणाला, "यात चूक आहे, बोनारिया. तुझ्या बाकीसिओचं नाव राहू दे, पण माझं काढू नकोस. काळी मीही टाकली होती. पांढरी तेवढी नियमाप्रमाणे दुसऱ्या पेटीत टाकून मग बसकडे पळालो." मग म्हणाला, "त्याचं चीज खाताना दरवर्षी वाटायचं, याने मला माफ केलं."
काळी टाकणाऱ्यांच्या ओळीत दोघांची नावं घालून पान टंकलं. संध्याकाळी अँतियोकोला फोनवर वाचून दाखवलं. त्याने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाला, "वहिनी, त्या ओळीत आणखी एका नावाला जागा आहे का?"