सुकाणूवाली जस्टीना आणि वन्संची बॅग

ती. ब्रोन्यावन्संना रेजिनाचा नमस्कार. येशूची स्तुती असो.

तुमचं कार्ड मिळालं. गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नाही हे वाचून बरं वाटलं. (तुमच्यासाठी लावलेली मेणबत्ती अर्धीच जळली होती, उरलेली तुमच्या भावाच्या पाठीसाठी लावली. देव समजून घेईल.) बफेलोला बर्फ पडला म्हणे, इथे ईरीत नुसताच वारा आहे. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मी मागून नेलेल्या बॅगेची आठवण करून दिलीत, ती रास्तच आहे. बॅग सुखरूप आहे, पण आधी तुमच्या भाचीची हकीकत ऐका.

आमची जस्टीना लष्करी अकादमीत गेल्याला आता बरेच दिवस झाले. तिथे पहिल्या वर्षाच्या पोरांनी मोठ्यांशी बोलताना वाक्याच्या आधी ‘सर’ म्हणायचं आणि शेवटीही ‘सर’ म्हणायचं. जेवणाच्या टेबलावर मोठ्यांचा केक ह्यांनीच कापायचा आणि तुकडे अगदी सारखे हवेत. (ह्यात ती पहिली आली. चार भावंडांत वाढलेली आहे.) शिवाय टेबलावरच्या प्रत्येक मोठ्याचं पूर्ण नाव, बापाकडचं, मधलं, सगळं पाठ हवं. तिच्या टेबलाचा म्होरक्या म्हणजे कोणी मॅक्लस्की. हा मुलगा तिला रोज घास हातात असताना नावं म्हणायला लावायचा.

हे तिने निभावलं असतं, पण तिथे प्रत्येकाचा कुठला तरी संघ असतो. कुणाला धावण्यासाठी बोलावून आणलेलं, कुणाला पोहण्यासाठी. आमच्या पोरीला कोण बोलावणार? उंची तुमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मधल्या फळीएवढी. शेवटी फोनवर म्हणाली, “आई, बोटीच्या संघात सुकाणूवालीची जागा आहे, लहानखुरी माणसं लागतात. न बोलावता गेलेल्यांनाही बघतात. हेही नाही झालं ना, तर मी घरी येते. इथे माझं म्हणावं असं काही नाही.” मी म्हटलं, “देवाची मर्जी असेल तसं होईल.” आणि नऊ दिवसांची प्रार्थना धरली. नक्की काय मागितलं ते जरा मोघमच ठेवलं.

निवडीच्या शनिवारी आईबापांना भेटीला सोडतात, म्हणून मी बसने गेले. (बसभाडं वहीत ‘देवकार्य’ ह्या रकान्यात लिहिलंय, तुमच्या भावाने विचारलं तर तसंच सांगा.) नदीच्या धक्क्यावर तुमची बॅग घेऊन उभी राहिले. बॅगेत काय होतं ते शेवटी सांगते.

बोटीत आठ जण वल्ही मारतात आणि आठही जण मागे तोंड करून बसतात, म्हणजे पुढचं दिसतं ते एकट्या सुकाणूवालीला. तिने ओरडून सांगायचं, त्यांनी ऐकायचं. जस्टीनाच्या आधी कनेटिकटची एक बोलावून आणलेली मुलगी होती. तिने बोट अशी नेऊन आणली जशी आपण चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो. मग आमचं रत्न बसलं. समोर गुडघ्याला गुडघा लावून पहिलं वल्हं कोणाचं? मॅक्लस्कीचं!

धक्का जवळ आला तशी ही बारीक आवाजात म्हणते, “सर, परवानगी असेल तर उजवीकडच्या सरांनी वल्ही थांबवावीत, सर.” दुसरा ‘सर’ संपेपर्यंत बोट धक्क्यावर. माझ्या शेजारच्या बाईंच्या हातातली कॉफी माझ्या कोटावर.

प्रशिक्षक ओरडले, “अगं पोरी, हे जेवणाचं टेबल नाही! इथे तू लहान आणि ते मोठे असं काही नाही. ते आठही जण आंधळे आहेत, डोळे एकट्या तुला आहेत! अजून एक फेरी देतो, मग बास.”

वन्सं, मी जपमाळ हातात घेतली. बोट पुलाच्या खांबाकडे चाललेली. ही सांगते, “उजवे, थांबा.” तर मॅक्लस्की दात काढून म्हणतो, “सर राहिलं की, सर!” आणि वल्हं चालूच.

त्यानंतर जो आवाज आला त्याने पुलावरची कबुतरं उडाली.

“ड्वाइट यूजीन मॅक्लस्की! मी काय भिंतीशी बोलतेय? थांब म्हटलं की थांबायचं! आणि पाच नंबर, पेंगतोस काय? रात्री वेळेवर झोपायला काय होतं तुला? सगळ्यांनी एकदम! मी दुसऱ्यांदा सांगणार नाही!”

बोट खांबाला वळसा घालून सुतासारखी सरळ आली. आठही पोरांच्या माना खाली, आईने कान धरून आणल्यासारख्या. कॉफीवाल्या बाई म्हणाल्या, “ही कुठे शिकली हो असं?” मी कोटावरचा कॉफीचा डाग पुसायला घेतला.

तुम्ही ईस्टरच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाला होतात, की रेजिनाचा फोन आला की मी रिसीव्हर टेबलावर ठेवते आणि भांडी घासता घासता ऐकते. मला राग आला होता, कारण माझ्या मते मी घरात कधी आवाज चढवलेला नाही. आता त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

प्रशिक्षकांनी तिला घेतलं. मॅक्लस्की धक्क्यावर येऊन टोपी काढून म्हणाला, “काकू, शपथेवर सांगतो, मला वाटलं माझी आईच आली.” मी त्याला पर्समधून नेलेल्या खसखशीच्या गोड रोलचा तुकडा दिला. (बाकीच्या तुकड्यांएवढाच.)

गुडघ्याला जपा. तुमच्या भावाचा नमस्कार.

तुमची भावजय,
रेजिना

ता. क. जस्टीनाचा घसा बसलाय. तुमच्याकडच्या मधाची बाटली तिला थेट पाठवाल का? माझ्याकडून पाठवली तर टपालखर्च दोनदा पडेल.

ता. क. बसभाडं ‘देवकार्य’ मधून खोडून ‘करमणूक’ मध्ये लिहिलं. प्रार्थना मी केली होती ती वेगळीच होती, फळ तिसरंच मिळालं. देवाच्या नावावर खर्च टाकणं बरोबर दिसेना.

ता. क. बॅग शनिवारी पोचेल. चर्चच्या बायकांबरोबर यात्रेला जायचंय असं सांगून मी ती नेली होती, पण तशी यात्रा काही नव्हती. बॅगेत काहीच नव्हतं. पोरीचे कपडे भरून तिला घरी आणायची होती, म्हणून रिकामी नेली. येताना वरच्या फळीवर जागा होती तरी रिकामीच बॅग मांडीवर घेऊन ईरीपर्यंत बसले. आता हात जोडून एकच मागणं आहे, वन्सं. ह्या चार वर्षांत मी पुन्हा कधी ती बॅग मागितली, तर कारण कितीही देवाधर्माचं सांगितलं तरी देऊ नका.