फाट्यावरचा फ्लेक्स उतरवण्याबाबत

तीर्थस्वरूप विठावहिनींना,

नेपाळच्या एका डोंगराच्या पोटावरून शिवप्रसादचा वाकून नमस्कार. (वाकून हे खरंच लिहितोय. इथला चढ असा आहे की माणूस दिवसभर वाकलेलाच राहतो.) तुमचे गुडघे, बब्रुवानदादांचा खोकला आणि काळी म्हैस, तिघांचंही बरं असावं. मी ठणठणीत आहे. तुम्ही दिलेली शेंगाची चटणी पहिल्याच आठवड्यात संपली, कारण इथली पोरं ती चाखतात, हा-हू करत पाण्याकडं पळतात आणि तोंड पुसून परत हात पुढं करतात.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. इथं रेंज एकाच खडकावर येते आणि त्या खडकावर कायम पाच-सात माणसं बसलेली असतात. पण खरं कारण ते नव्हे. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, सोळा वर्षांपूर्वीची, आपल्या हर्षालीच्या शाळेची. फोनवर तीनदा सांगायला गेलो आणि तिन्ही वेळा पावसापाण्याचं विचारून ठेवून दिला. त्यात गेल्या रविवारी तुम्ही हसत हसत म्हणालात, की माझा फ्लेक्स लागल्यापासून हर्षाली रोज दूध घालून येताना फाट्यावर थांबते, 'काका' म्हणते आणि फ्लेक्सला हात जोडते. तेव्हा हे लिहायला बसलो. पुण्याची एक स्वयंसेवक मुलगी परवा खाली निघालीय, तिच्या पिशवीत हे पत्र घालतोय.

तर पहिल्यापासून सांगतो. रिटायर झाल्यावर, दिव्यांग मुलांच्या शाळेत शिकवायला माणसं हवीत अशी एका संस्थेची जाहिरात वाचून मी चार महिन्यांसाठी नाव दिलं, आणि गावानं जाण्याआधीच माझा सत्कार उरकला. (काही करून आल्यावर सत्कार करायचा, एवढा धीर आपल्याकडं कुणाला आहे?) शाली अकरा आल्या. त्यातली एक तरी सोबत घ्यावी हे सुचलं नाही, आणि इथं माघात बादलीतल्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा बर्फ धरत होता. शाळेत चौदा लेकरं. कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे पाय चालत नाहीत, कुणी आपल्या हर्षालीसारखी, सावकाश शिकणारी. पेमादीदी नावाच्या बाई शाळा चालवतात. त्यांनी पहिल्या दिवशी हिंदीतून तासभर सगळी माहिती दिली. त्या वेळात मी मनात माझं भाषण जुळवत होतो. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाची ऐकायची सवय मोडलेली असते. नंतर मी पोरांना दणक्यात 'सावधान' म्हणालो. त्यातल्या तिघांना उभंच राहता येत नाही, हे कवायत सुरू झाल्यावर ध्यानात आलं. पण पोरं दिलदार, त्यांनी बसल्या जागेवरून मला सॅल्यूट ठोकला.

मग आली आपल्या देवीची चैत्री यात्रा. वहिनी, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मला येरमाळ्याची अशी आठवण आली की काय सांगू. पालखी आमराईत गेली असेल, लोक रानात वाकून चुनखडीचे पाच-पाच पांढरे खडे वेचत असतील, आणि मी इथं उकडलेला बटाटा सोलतोय! म्हटलं, देवीची सेवा इथंच करू. एका खडकाला कुंकू लावलं आणि पोरांना खुणेनं सांगितलं, प्रत्येकानं पाच पांढरे खडे वेचून आणायचे. पोरं लई खूश. या डोंगरात चुनखडी मिळत नाही हे मला ठाऊक नव्हतं, त्यांना होतं. पण गुरुजींनी पांढरे मागितले म्हटल्यावर त्यांनी वरच्या सपाटीवरून मुठीपेक्षा मोठे, छान चुना फासलेले दगड आणले. ज्यांना चालता येत नाही, त्यांच्या वाटेचे दगड दुसऱ्यांनी आणले. सानुमाया म्हणून दहा वर्षांची मुलगी आहे, तिला पाचावर थांबणं जमत नाही. उरलेले सगळे तिनं आणले. मी प्रत्येक दगडाला कुंकवाचं बोट लावलं आणि गहिवरून देवीचा उदो केला.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. कानाचे डॉक्टर घेऊन यायचं होतं, हे पहिल्या दिवशी सांगितलेल्या माहितीत होतं. उतरायची जागा पांढऱ्या दगडांच्या गोलानं आखलेली असते, हेही त्यातच होतं. हेलिकॉप्टरनं तीन घिरट्या घातल्या. पोरांनी आनंदानं हात हलवले. मीही हलवले. ते निघून गेलं. पेमादीदी कुंकवानं माखलेल्या ढिगाकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिल्या. आपल्या गावच्या बाईनं निदान चार शिव्या घालून मला मोकळं केलं असतं. दोन पोरं कानात मशीन बसणार म्हणून आठवडाभर रोज कान धुवत होती. पुढची फेरी बारा दिवसांनी. ती बारा दिवस कान धुवत राहिली, आणि मी त्यांच्यासमोर जेवत राहिलो.

गोल परत मांडायचं काम मी अंगावर घेतलं. खुंटी, दोरी, भूमितीचा सगळा अनुभव. झाला तो गोल नव्या सुनेच्या पहिल्या भाकरीसारखा. सानुमाया बराच वेळ बघत होती. मग तिनं माझ्या हातातली दोरी काढून बाजूला ठेवली, आणि एकेक दगड उचलून जिथला तिथं ठेवत गेली. दगडाखालचं गवत पिवळं पडलेलं असतं, वहिनी. प्रत्येक दगडाची जागा जमिनीवर उठलेली होती, तिला दिसत होती, मला नाही. दिवस मावळेपर्यंत गोल पुरा झाला. तेव्हा मला आपली हर्षाली आठवली. घरातली प्रत्येक चप्पल जोडीनं लावणारी, डब्याचं झाकण त्याच डब्यावर बसवणारी, आणि शाळेत नाव लागलं नाही तरी दीड महिना रोज शाळेच्या फाटकाजवळ लिंबाखाली त्याच एका मुळावर येऊन बसणारी.

बाकी इकडं सगळं ठीक. तिकडं वळीव पडला का? दादांना नमस्कार, हर्षालीला आशीर्वाद.

आपला,
शिवप्रसाद

ता. क. बघा, परत पावसाचं विचारून उठत होतो. तर ऐका. हर्षालीचं नाव सरकारी नियमात बसत नाही असं मी सांगितलं, तो नियम नव्हता. असा नियम कुठंच नव्हता. त्या साली तपासणी होती, शाळेचा तालुक्यात पहिला नंबर येणार होता आणि मला भीती वाटली की ती वर्गात दिसली तर तो जाईल. तिचा फॉर्म मी वर पाठवलाच नाही. तुम्ही हातानं शिवलेला निळा झगा घालून ती आली होती. तुम्ही मला म्हणालात, "भावजी, तुमी तरी काय करनार, सरकारचंच डोस्कं फिरलंय," आणि माझ्या खटपटीबद्दल मला धपाटी बांधून दिलीत. मी ती खाल्ली. फॉर्म अजून माझ्या कपाटात खालच्या फळीवर पेपराखाली आहे. मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही.

ता. क. दुसरा. फ्लेक्स आजच उतरवा. 'दिव्यांग बालकांचे आधारवड' हा मजकूर गावकऱ्यांनी सुचवला असं मी सगळ्यांना सांगितलंय. तो मीच लिहून दिला होता. फोटोही मीच निवडला.

ता. क. तिसरा, आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. हे पत्र हर्षालीला सगळं वाचून दाखवा, पहिला ता. क. गाळू नका. ती सावकाश ऐकते, तुम्हीही सावकाश वाचा. मृगाच्या आधी मी येरमाळ्याला एसटीतून उतरेन. हार-फेटे नकोत. तिला विचारा, काकाला आणायला स्टँडवर येशील का. नाही म्हणाली तर तसंच कळवा. मला वाईट वाटू नये म्हणून गोड करून सांगू नका. तसं गोड करून मी तुम्हाला एकदा सांगितलेलं आहे.