कासवासाठी पुन्हा खाली

बाळा, तुला नि सूनबाईला पोटभर आशीर्वाद.

तुझा चष्मा माझ्या पिशवीत निघाला, विसरभोळ्या! म्हणजे हे पत्र सूनबाईच वाचून दाखवणार. मी सांगतेय, तुझी लेक लिहितेय.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

समुद्रात बुड्या मारणं सोडवून लेकीला घरी घेऊन ये म्हणून तू मला धाडलंस. काल तिच्या होडीवर गेले. तिनं मला काचेच्या बुडाची बादली दिली. ती पाण्यावर टेकवून आत डोकावले. बाळा, खाली रंगीत प्रवाळाचं अख्खं रान आहे रे! त्यात कुणीतरी टाकून दिलेलं जाळं, जाळ्यात परातीएवढं कासव, आणि तुझी लेक एकेक दोरा कापतेय.

मी कौतुकानं पाण्यात हात घालून अंगठा दाखवला. या पाणबुड्या लोकांत त्याचा अर्थ ‘वर ये’! बिचारी घाबरून वर आली. “आजी, काय झालं?”

तुझं काम आयतंच झालं होतं. पण कासव खालीच होतं. मीच म्हटलं, “काही नाही गं, जा. सोडव त्याला.”

ते सुटलं, होडीशेजारी येऊन त्यानं श्वास घेतला, तेव्हा कुठे मी घेतला.

तिचे बुडबुडे दिसेनासे झाले की माझा जीव खालीवर होतो. तरी तिला परत आणणं माझ्याच्यानं व्हायचं नाही.

खाऱ्या पाण्यातून आली की तिला गोड खायला लागतं. गूळ-शेंगदाणे पाठव, दोघींपुरते. तू विसरशील, म्हणून वाचणारीलाच सांगते.

तुझी आई