पोट कमी केलेला फोटो आणि प्रवेशाचा अर्ज

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (सध्या गुडघे दुखतात, त्यामुळे आठापैकी सहाच अंगांचा धरून चाल, उरलेली दोन बरी झाली की पाठवून देतो.) तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस, की बाटली नुसती खिडकीत शोभेला ठेवली आहेस? तुझं पत्र येऊन चार महिने झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मला मनातल्या मनात काय काय म्हणाली असशील ते मला पाठ आहे. पण आत्या, हे चार महिने मी माणसात नव्हतो. वेबसाइट समितीत होतो.

झालं असं, की आमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर पाच वर्षांपूर्वीचं वेळापत्रक लटकत होतं आणि निवृत्त झालेले तीन प्राध्यापक तिथे अजून तास घेत होते. प्राचार्यांनी नवी वेबसाइट करायचं ठरवलं आणि समितीचा प्रमुख म्हणून मला नेमलं. मी ग्रंथपाल. संगणकविद्येशी माझा संबंध एवढाच, की लायब्ररीतला प्रिंटर अडला की मी त्याच्या पाठीत एक धपाटा घालतो आणि तो मुकाट्याने चालू लागतो. ही कीर्ती वरपर्यंत गेली होती. (म्हणून सांगतो, माणसाने कुठलीही वस्तू चारचौघांत दुरुस्त करू नये.)

वेबसाइट बनवायला एक गृहस्थ आले. आम्ही त्यांना झगमगराव म्हणायचो, कारण पडद्यावर काहीही स्थिर राहिलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. प्रवेशाची सूचना त्यांनी वरच्या पट्टीत अशी पळवली, की वाचणाऱ्याला धाप लागावी. अक्षरं पांढऱ्यावर फिकट पिवळी, कारण ते म्हणे शालीन दिसतं. प्रवेशाचा अर्ज म्हणजे छापील कागदाचा काढलेला फोटो. आणि उघडल्या उघडल्या समोर प्राचार्यांची छबी. तिचे सात अवतार झाले. सातवा पसंत पडला. फायलींची सरमिसळ होऊ नये म्हणून मी ग्रंथपालाच्या शिस्तीने त्या फायलीला नीट, ओळखू येईलसं नाव दिलं. (ते नाव मीच दिलं हे तुला सांगतो, कारण तू घरातली.) मग प्राचार्यांनी कागदी अर्जांचे सगळे गठ्ठे रद्दीत घातले आणि ‘आता कॉलेज प्रत्येकाच्या खिशात’ असं भाषण ठोकलं.

प्रवेशाचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी चारला आम्ही प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत एकमेकांची पाठ थोपटत होतो, तेवढ्यात दारात एक बाई उभ्या राहिल्या. चाळिशी ओलांडलेल्या, हातात पांढरी काठी, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याने आपोआप ताठ बसावं. दवाखान्याच्या टेलिफोनवर त्या बावीस वर्षं बसतात. बारावीनंतर शिक्षण सुटलं, आता इतिहास घेऊन बी. ए. करायचं आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण पडद्यावर जे असेल ते फोन त्यांना वाचून दाखवतो, चित्राच्या फायलीला नाव दिलेलं असेल तर तेही.

“आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन बसतेय,” त्या म्हणाल्या. “अर्ज काही सापडत नाही. मला वाटलं, मलाच जमत नाहीये.”

झगमगराव हसले. “अहो, अगदी सोपं आहे, समोरच तर आहे!”

“मग ऐकूया,” असं म्हणून बाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

फोन म्हणाला, “चित्र. चित्र. चित्र.” जरा थांबला, आणि मग स्वच्छ, निर्विकार आवाजात म्हणाला, “चित्र. प्राचार्य, अंतिम, नवीन, पोट कमी केलेलं, केस वाढवलेले.”

आत्या, उपप्राचार्यांनी बिस्कीट चहात बुडवलं होतं, ते तिथेच विरघळून तळाशी गेलं. आणि एकदा वाचून फोन गप्प बसेल तर शपथ! झगमगरावांनी तो फोटो फिरता ठेवला होता. दर पाच सेकंदांनी तो परत यायचा आणि फोन इमानेइतबारे पुन्हा पोट कमी करायचा. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. (छताला रंग द्यायला झालाय.) बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “सर, त्याच्याशी मला काही घेणं नाही. अर्ज कुठेय?”

“आणा इकडे, मी दाखवतो,” म्हणून प्राचार्यांनी फोन घेतला. जवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. चष्मा खिशात होता, पण तो ते लोकांसमोर लावत नाहीत, आणि शालीन पिवळी अक्षरं काही दिसेनात. पळती सूचना पकडायला बोट टेकवावं तर दरवेळी स्वतःचीच छबी मोठी व्हायची. शेवटी एकदाचं अर्जाचं पान मिळालं, तर वर अट: ही वाकडीतिकडी अक्षरं ओळखा आणि आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करा. प्राचार्यांनी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा त्यांच्याच वेबसाइटने त्यांना यंत्र ठरवलं.

“सर,” बाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे तुम्हालाही नाही जमत?”

त्यात टोमणा नव्हता गं. हायसं वाटल्याचा आवाज होता तो. आठ दिवस ती बाई घास गिळता गिळता स्वतःला नावं ठेवत होती, आणि चुकलो होतो आम्ही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुदत संपायला, म्हणजे पाच वाजायला, वीस मिनिटं होती आणि कागदी अर्ज रद्दीत. मी लायब्ररीत धावलो (गुडघ्यांनी त्या दिवशी राजीनामाच दिला), कोरे कागद आणले आणि पट्टीने रकाने आखून हातानेच अर्ज तयार केला. प्राचार्यांनी खिशातून चष्मा काढला आणि सगळ्यांदेखत डोळ्यांवर चढवला. एकेक रकाना त्यांनी वाचला, बाईंनी सांगितलं, मी लिहिलं. पाचाला चार मिनिटं कमी असताना सही झाली. मग प्राचार्य म्हणाले, “बाई, उद्यापासून दुपारच्या सुट्टीत येत जा, आणि आमची ही वेबसाइट ऐका.”

तीन आठवडे त्या आल्या. फोन जिथे अडखळेल ते काढायचं, एवढाच नियम. झगमगरावांनी कलेच्या नावाने फार आकांत केला, तेव्हा बाईंनी त्यांच्याच फोनचा पडदा काळा करून त्यांना नुसत्या आवाजावर वसतिगृहाचं पान शोधायला लावलं. पाव तासाने ते गणित विभागात पोचले आणि जवळजवळ रडले. दुसऱ्या दिवशी अक्षरं काळी झाली आणि जागच्या जागी बसली. आता आमच्या शिपायाच्या फुटक्या काचेच्या फोनवरही सगळं दिसतं, आणि ‘अर्ज कुठेय’ म्हणून ऑफिसात खणखणणारा टेलिफोन झोपा काढतो. प्रत्येक चित्राखाली आता त्यात काय आहे ते शब्दांत लिहावं लागतं. प्राचार्यांना स्वतःच्या चित्राखाली ‘तेजस्वी’ हवं होतं. बाईंनी विचारलं, “म्हणजे चित्रात नेमकं काय होतंय?” शेवटी लिहिलं, ‘प्राचार्य टेबलामागे उभे आहेत आणि हसत आहेत.’

बाई पहिल्या बाकावर बसतात. इतिहासाचे प्राध्यापक पूर्वी नकाशाकडे बोट दाखवून मोकळे व्हायचे. आता त्यांना नदी कुठून कुठे जाते ते तोंडाने सांगावं लागतं. वर्गातली मुलं म्हणतात, आम्हालाही यंदाच कळलं.

काकांच्या पायांवर माझ्या वतीने डोकं ठेव, आणि तू स्वतःला सांभाळ.

तुझा भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. प्राचार्यांनी परवा एका सभेत छाती ठोकून जाहीर केलं, की आजूबाजूच्या अकरा कॉलेजांच्या वेबसाइट आमची समिती करून देईल. अकरा कॉलेजं, आत्या, म्हणजे अकरा प्राचार्य आणि अकरा छब्या. मला पंधरा दिवस नाहीसं व्हायलाच हवं. तर तू फार आजारी आहेस आणि भाच्याचं तोंड बघायची इच्छा आहे, असं एक पत्र कॉलेजच्या पत्त्यावर पाठव. अक्षर जरा थरथरतं काढ.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी रजेचा अर्ज भरून ठेवावा म्हटलं. तोही आता वेबसाइटवरच असतो, आणि आधीच्या सगळ्या रजा कारणांसकट दाखवतो, मोठ्या, काळ्या, कुणालाही वाचता येतील अशा अक्षरांत. त्यात दोन वर्षांपूर्वीचे पाच दिवस आहेत. कारण: ‘आत्या वारल्या.’ मला क्षमा कर. पत्र काकांच्या आजारपणाचं पाठव, आणि खाली सही तुझी मुळीच करू नकोस.